विश्लेषण : पूलमधला ‘जंप शॉट’ का हुकतो? ताकद कमी पडते की नेम?

‘एट बॉल’चा डाव सुरू आहे. आपला बॉल समोर दिसतो आहे, पॉकेटही मोकळं आहे. पण पांढऱ्या बॉलच्या वाटेत प्रतिस्पर्ध्याचा बॉल येऊन बसला आहे. पांढरा आपल्या बॉलला आधी लागला नाही तर फाउल. मग स्पर्धेच्या नियमांप्रमाणे समोरचा खेळाडू पांढरा उचलून टेबलावर हवा तिथे ठेवतो आणि बहुतेकदा तिथेच डाव फिरतो. दादर, परळ, लालबागच्या पार्लरमध्ये नवख्या खेळाडूला अशा वेळी एकच उपाय सुचतो : पांढरा उडवायचा. तो उडतोही, पण उतरतो भलतीकडे, नाहीतर थेट टेबलाखाली.

मुंबईत ही उडी परकी का?

कारण मुंबईची क्यूची परंपरा बिलियर्ड्स आणि स्नूकरची. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. वैयक्तिक खेळातले ते भारताचे पहिले जगज्जेते. चर्चगेटच्या सीसीआयमधल्या बिलियर्ड्स हॉलला त्यांचंच नाव आहे. मुंबईकर मायकल फरेरा यांनी हाच किताब १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जिंकला. या परंपरेत पांढऱ्याने टेबल सोडणं बसत नाही. स्नूकरमध्ये तो आधी कुठल्याही बॉलला न लागता मधल्या बॉलवरून गेला की फाउल, दंड किमान चार गुण. गिरगाव-लालबागच्या चाळींतला कॅरमही सपाटच. पूलमध्ये मात्र ही उडी नियमात बसते. त्यामुळे जिमखान्यात कुणी शिकवत नाही आणि पार्लरमध्ये मोबाइलवरचा व्हिडीओ हाच गुरू.

बॉल उडतो कसा?

खालून उचलून नव्हे, तर वरून दाबून. टेबलाच्या कापडाखाली स्लेट दगडाची लादी असते. क्यू मागून उंचावून पांढऱ्यावर तिरका, खालच्या दिशेने प्रहार केला की बॉल लादीवर आपटून उसळतो. टिप बॉलच्या बुडाशी घालून त्याला चमच्यासारखं उचलणं नियमबाह्य आहे. पार्लरमध्ये उडणाऱ्या बऱ्याच ‘जंप’ याच जातीच्या असतात आणि त्यात नेम लागणं हा निव्वळ योगायोग असतो.

किती उंच उडवायचा?

पूलचा बॉल ५७ मिलिमीटर व्यासाचा. मधल्या बॉलच्या बरोबर डोक्यावरून जायचं तर तेवढंच उंच जावं लागतं. निम्मा बॉल आड येत असेल तर निम्मी उंची पुरेल असं वाटतं, पण तसं नाही. दोन्ही गोल असल्याने तेव्हाही जवळपास ५० मिलिमीटर लागतात. मात्र अडथळा कडेचा, म्हणजे सात मिलिमीटरच असेल, तर २८ मिलिमीटर पुरतात. त्यामुळे उडी मारण्याआधी खाली वाकून नेमका किती बॉल आड येतो आहे ते पाहा. गरजेपेक्षा जास्त उंची म्हणजे गरजेपेक्षा जास्त चूक.

मग नेम कुठे बिघडतो?

दोन ठिकाणी. पहिलं, रेषेत. क्यू उंचावली की डोकं वर येतं, खांदा सरकतो आणि टिप बॉलच्या किंचित उजवीकडे किंवा डावीकडे लागते. क्यू आडवी असताना ही चूक खपून जाते. उंचावलेल्या क्यूने मात्र बॉलला फिरकी बसते आणि कापडावर उतरल्यावर तो फिरकीच्या बाजूला वळतो. म्हणून आधी क्यू आडवी धरूनच नेम घ्या, पलीकडच्या कुशनवर एक खूण ठरवा आणि ती रेषा न सोडता फक्त मागचा हात वर न्या.

दुसरं ठिकाण फारसं कुणी सांगत नाही. उसळलेला पांढरा हवेत असतानाच समोरच्या बॉलला लागला, तर तो मध्यावर न लागता वरच्या अंगाला लागतो आणि कट ठरवल्यापेक्षा जास्त बसतो. पांढरा २० मिलिमीटर वर असेल तर ३० अंशांचा कट ३२ अंशांच्या वर जातो. फरक दोन-सव्वादोन अंशांचा, पण एक मीटरवरच्या पॉकेटपर्यंत बॉल चार सेंटिमीटर सरकतो. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटला दोन्ही बाजूंना मिळून सहा सेंटिमीटरही मोकळीक नसते. म्हणजे नेम बरोबर असूनही बॉल जबड्यावर आपटतो. उपाय दोन : पांढरा आधी टेबलावर उतरून मग लागेल असं अंतर निवडा, किंवा कट किंचित जाड घ्या.

वेगळी क्यू हवीच का?

हवीच असं नाही, पण सोपं जातं. नेहमीची क्यू साधारण ५५० ग्रॅमची. प्रहारानंतर ती बॉलला दगडावर दाबून धरते. जंप क्यू त्याच्या जवळपास निम्म्या वजनाची, आखूड आणि कडक टिपची असते. ती चटकन मागे उसळते, त्यामुळे बॉल सुटतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती किमान ४० इंच लांब हवी. हलकी क्यू हाती आली की आणखी एक गोष्ट कळते : जोर खांद्यातून काढायचा नसतो. मनगट सैल, झटका छोटा.

सराव कसा करावा?

बॉलवरून उडी मारायची घाई नको. घरात कॅरम असेल तर तीन लाकडी सोंगट्या एकावर एक ठेवा. साधारण अडीच सेंटिमीटर उंची होते, म्हणजे कडेच्या अडथळ्याएवढी. पांढरा त्यांच्यापासून वीतभर मागे ठेवा आणि पलीकडच्या कुशनवर ठरवलेल्या खुणेवरच तो लागतो का ते पाहा. पॉकेटकडे अजून बघूच नका. दहापैकी सात-आठ वेळा खूण साधली की सोंगट्यांच्या जागी बॉल, मग पलीकडे सरळ रेषेतला बॉल आणि कट सगळ्यात शेवटी.

कॅरमवर हात बसलेल्या मुलाची नजर आधी लाकडी चौकटीकडे जाते. ती सवय इथेही मोडू नये. अडथळा पांढऱ्याला अगदी चिकटून असेल, तर उडीपेक्षा एका कुशनवरून वळसा घालून आपल्या बॉलला नुसता स्पर्श करणं कितीतरी खात्रीचं.

आणि हो, आधी काउंटरवर विचारा. उडीचा प्रहार एकाच जागी होतो, तिथे कापडावर पांढरे डाग पडतात, चुकला तर कापड फाटतं. म्हणून अनेक पार्लरमध्ये जंपला मनाई असते. परवानगी मिळालीच, तर पांढऱ्याखाली जुन्या कापडाचा छोटा तुकडा ठेवून सराव करा.