तीस वर्षांचा डबा, ताजी प्रणाली

‘जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका, पळायला लागेल’ हा सल्ला आता घरोघरी पोचला आहे. दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपपुरता तो खराही आहे. घोळ होतो तो हाच सल्ला नव्वदच्या दशकातल्या वर्कस्टेशनला लावल्यावर. सन मायक्रोसिस्टिम्सचं स्पार्कस्टेशन, सिलिकॉन ग्राफिक्सचं इंडी, डिजिटलचं अल्फास्टेशन म्हणजे त्या काळातले महागडे पीसी, असं अनेकांना वाटतं. पण यांच्यात इंटेलच्या घराण्यातला प्रोसेसरच नाही. सनमध्ये स्पार्क, सिलिकॉन ग्राफिक्समध्ये मिप्स, डिजिटलमध्ये अल्फा. नेहमीच्या लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन गेलात तर तो खुपसायला जागा सापडणार नाही, आणि सापडली असती तरी त्यातली एकही सूचना त्या प्रोसेसरला कळली नसती. ही यंत्रं स्कझी डिस्कवरून किंवा सीडीवरून सुरू होतात, नाहीतर नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडून कर्नल मागवून घेतात. मॉनिटर नसला तरी अडत नाही. कीबोर्ड काढून ठेवला की सनचं यंत्र आपणहून सिरियल केबलवर बोलू लागतं.

मग सनच्या यंत्रांवर त्या काळातली सोलारिस प्रणालीच चालवायची का? मुळीच नाही. मार्च २०२४ मध्ये आलेली नेटबीएसडी १० ही प्रणाली ३२-बिट स्पार्कवर चालते. १९९४ च्या स्पार्कस्टेशन २० वरही चालते. अख्खी प्रणाली आजच्या वेगवान कॉम्प्युटरवर बसून स्पार्कसाठी बांधता येते, अशी सोय नेटबीएसडीने मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे म्हाताऱ्या यंत्राला दिवसेंदिवस कंपाइल करत बसावं लागत नाही.

सगळ्यात जास्त यंत्रं भंगारात गेली असतील ती एका वेगळ्याच गैरसमजापायी. सनचा डबा सुरू केला की पडद्यावर आयडीप्रॉममधला मजकूर अवैध असल्याची तक्रार येते, नेटवर्कचा पत्ता नुसता एफ-एफ-एफ असा दिसतो, आणि मालक मदरबोर्ड गेला असं समजून हात टेकतो. बोर्ड धडधाकट असतो. त्यावरच्या एका छोट्या चिपमध्ये घड्याळ, सेटिंग आणि यंत्राचा इथरनेट पत्ता साठवलेला असतो, आणि तो टिकवणारी बॅटरी चिपच्याच पोटात बंद करून टाकलेली असते. स्पार्कस्टेशन २० मध्ये ही चिप एम४८टी०८. बॅटरी साधारण दहा वर्षांची. ती संपली की यंत्र आपलं नावगाव विसरतं. एकतर चिप बदलायची, नाहीतर वरचं प्लास्टिक जपून कोरून बाहेरून तीन व्होल्टचा बटनसेल जोडायचा. हौशी मंडळी सर्रास हे करतात. नंतर ‘ओके’ या प्रॉम्प्टवर फोर्थ भाषेतल्या काही ओळी टाइप करून पत्ता परत लिहायचा. होय, या यंत्रांच्या फर्मवेअरमध्येच फोर्थचा अख्खा दुभाषा बसवलेला आहे, आणि माझ्या मते पुढच्या पीसींच्या बायोसपेक्षा तो कितीतरी शहाणा होता.

‘लिनक्स काय, सगळीकडे चालतं’ हेही असंच एक वाक्य. लिनक्स अल्फावर नेलं ते खुद्द लिनक्सकर्ते टोरवाल्ड्स यांनी, नव्वदच्या दशकाच्या मध्याला. त्यासाठी डिजिटलचं यंत्र त्यांना मिळवून दिलं तिथेच काम करणाऱ्या जॉन हॉल यांनी. तरीही २०२४ च्या लिनक्स ६.१० ने पहिल्या पिढ्यांच्या अल्फांना रजा दिली. कारण मोठं मासलेवाईक आहे. त्या प्रोसेसरांना मेमरीत एकटी बाइट लिहिताच येत नाही. आजूबाजूच्या बाइटांसकट अख्खा गठ्ठा वाचायचा, त्यातली एक बदलायची आणि गठ्ठा परत ठेवायचा. मधल्या क्षणी दुसऱ्या कुणी शेजारची बाइट बदलली असेल तर तो बदल गडप. एका बाइटला हात लावला तर शेजारणीला धक्का लागत नाही, हे आजचं कर्नल गृहीत धरतं. नंतरच्या अल्फांना बाइट लिहिण्याची सूचना मिळाली, म्हणून ते टिकले.

बाकीच्या प्रणालींतही गळती आहेच. डेबियनची अल्फासाठीची शेवटची अधिकृत आवृत्ती २००९ ची. फ्रीबीएसडीने २०२१ मध्ये ६४-बिट स्पार्क सोडला. ओपनबीएसडीने ३२-बिट स्पार्क २०१६ मध्ये सोडला, ६४-बिट मात्र आजही सांभाळला आहे. म्हणजे पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये परम १०००० हा महासंगणक ज्या अल्ट्रास्पार्क घराण्यावर उभा केला, त्याला अजून ताजी प्रणाली मिळते. ओपनबीएसडीचा दंडक असा की ज्या यंत्रासाठी प्रणाली, त्याच जातीच्या खऱ्या यंत्रावर ती बांधायची. तेव्हा ओपन सोर्स म्हणजे कायमचा आधार, हा हिशेब चुकीचा आहे. कोड खुला राहतोच, पण आधार टिकतो तो कुणाच्या तरी टेबलावर चालू यंत्र असेल तोवर.

हा नुसता नाद आहे का? थोडा आहेच. पण उपयोगही आहे. मेमरीत संख्या ठेवताना स्पार्क मोठ्या किमतीची बाइट आधी ठेवतो, इंटेल उलट. आणि चार बाइटांची संख्या वेड्यावाकड्या पत्त्यावरून उचलायला गेलात तर इंटेल बहुधा निमूट चालवून घेतो, स्पार्क प्रोग्रॅम जागीच मारतो. इंटेलवर वर्षानुवर्षं लपून राहिलेल्या चुका अशा खडूस यंत्रावर उघड्या पडतात.

उलट टोकाचा गैरसमजही मोडलेला बरा. नवी प्रणाली आली म्हणून ब्राउझर येत नाही. स्पार्कस्टेशन २० मध्ये फार तर ५१२ एमबी मेमरी बसते, आणि आजची वेबपानं तेवढ्यात मावत नाहीत. एसएसएच, साधी मेल, सी भाषेतला अभ्यास, एखादं साधं संकेतस्थळ, इतपत ठीक. तेसुद्धा चोवीस तास चालू ठेवू नका; एक रास्पबेरी पाय नगण्य विजेत कितीतरी जास्त काम करतो.

आणि २०३८? त्या वर्षाच्या १९ जानेवारीला ३२-बिट यंत्रांचं घड्याळ उलटणार, म्हणून हे डबे तेव्हा संपणार, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पण नेटबीएसडीने २०१२ च्या ६.० आवृत्तीतच वेळ मोजायला सगळीकडे ६४ बिट दिले, ३२-बिट स्पार्कवरही. तोवर मूळ हार्डडिस्क टिकणं मात्र अवघड. त्यासाठी एसडी कार्डाला स्कझी डिस्क म्हणून पुढे करणारे छोटे बोर्ड मिळतात. ब्लूस्कझी हा त्यातलाच एक, आणि त्याचा आराखडाही खुलाच आहे.