शब्द घरोघरचे, व्याकरण गावचं

सांगली जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेपासून काही मैलांवर असलेलं एक गाव जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना ‘कुपवार’ या नावाने ठाऊक आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली त्याच्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि भाषासंपर्काचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

गावात भाषा चार. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलित भूमिहीन मजुरांकडे मराठी आणि दोर वळणाऱ्यांकडे तेलुगू. कित्येक शतकांचा शेजार. पुरुषांना दोन-तीन भाषा सहज यायच्या, आणि एका समाजाचा माणूस दुसऱ्याशी बोलू लागला की बहुधा मराठीत बोले. ती ना कन्नड जमीनदारांची घरची भाषा, ना मुसलमानांची. त्यामुळे ती वापरताना कुणी कुणाच्या उंबऱ्याआत शिरत नसे.

एवढ्या सहवासात एखादी भाषा नाहीशी व्हायला हवी होती. तसं झालं नाही. कन्नड शब्द कन्नडच राहिले, उर्दू उर्दूच. बदललं ते शब्दांखालचं व्याकरण. पाला कापून घेऊन आलो, एवढी साधी गोष्ट सांगायची तर कन्नड, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषांत वाक्याची जडणघडण पदोपदी एकच, शब्द तेवढे निराळे.

बारकावे पाहिले की थक्क व्हायला होतं. हिंदी-उर्दूत ‘मैंने भैंस देखी’ म्हणताना क्रियापद म्हशीच्या लिंगानुसार चालतं. कन्नडमध्ये ते कर्त्याच्या मागे जातं, आणि कुपवारच्या उर्दूनेही तीच वाट धरली. (दक्षिणेतल्या दखनीतही ‘मैं रोटी खाया’ ऐकू येतंच.) कन्नडमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग मुख्यतः माणसांपुरतं असतं, इथल्या उर्दूत नदीसारख्या शब्दांचं स्त्रीलिंग सुटलेलं गम्पर्झ आणि विल्सन यांना आढळलं. ही देवघेव एकतर्फी मात्र नव्हती. ‘हे तुझं घर’ एवढ्यावर कन्नड वाक्य पुरं होतं, पण गावच्या कन्नडने मराठीसारखं शेवटी ‘आहे’ जोडायला सुरुवात केली होती.

शब्द का टिकले आणि रचना का विरघळली? मला यातलं सामाजिक कारण सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कोण कुठल्या घरचा, हे शब्दांवरून कळतं, आणि जातीने विभागलेल्या गावात ही ओळख कुणालाच पुसायची नव्हती. वाक्य कुठल्या साच्यात पडतं याकडे मात्र बोलणाऱ्याचं लक्षच नसतं. दिवसभर एका भाषेतून दुसरीत जाणाऱ्या माणसाला एकच साचा सोयीचा.

हे चित्र सगळ्यांनी जसंच्या तसं स्वीकारलं, असं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनंतर हेच गाव पुन्हा अभ्यासलं. वाक्यं इतकी तंतोतंत जुळतात, या दाव्याची त्यांनी २०१६ सालच्या निबंधात कसून तपासणी केली आणि तो जसा मांडला गेला तसा मान्य केला नाही. दरम्यान गावही बदललं होतं. १९६० नंतर मराठी ही राज्याची भाषा झाली. एके काळी ती तटस्थ म्हणून चालायची, आता तिच्यामागे सत्तेचं वजन आहे. विज्ञान असंच चालायला हवं: गाजलेल्या निष्कर्षाकडेही कुणीतरी वही घेऊन परत जायला हवं.

गम्पर्झ-विल्सन यांचा निबंध डेल हाइम्स यांनी संपादित केलेल्या ग्रंथात आला. त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा मराठीच्या उगमावरचा निबंध आहे. मराठीची घडणच आर्य आणि द्राविड भाषकांच्या अशा जुन्या संपर्कातून झाली असावी, असं ते मांडतात. त्यांचा तर्क सर्वांना पटलेला नाही. पण ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद प्रमाण हिंदीत नाही. मराठीत आहे, गुजरातीत आहे, आणि द्राविड कुळातल्या तमिळमध्ये ‘नाम’ आणि ‘नांगळ’ यांच्यात तोच आहे.