नोकरीचा अर्ज आणि नोकरीचा करार



सुशिक्षित घरांत मुलाचें वा मुलीचें शिक्षण संपलें कीं एक प्रश्न रोज विचारला जाऊं लागतो : ‘नोकरीचें काय झालें ?’ विचारणाऱ्याच्या मनांत काळजी असते. परंतु ऐकणाऱ्याच्या मनांत हळूहळू अशी समजूत घर करते कीं, नोकरी ही कोणाच्या तरी कृपेनें पदरांत पडावयाची वस्तु आहे. वस्तुतः नोकरी हा दोन पक्षांमधील करार आहे. आपलें ज्ञान, श्रम व वेळ देणारा उमेदवार हा त्यांतील एक पक्ष असतो, याचक नव्हे. एवढें मनांत ठसलें म्हणजे पुढील प्रत्येक पायरीवर कसें वागावें, हें पुष्कळसें आपोआप सुचतें.

पहिली पायरी जाहिरातीची. ती दोनदां वाचावी. अत्यावश्यक अर्हता कोणती आणि इष्ट कोणती, हें वेगळें करावें. इष्ट अर्हता नसली तरी अर्ज करण्यास प्रत्यवाय नसतो. सरकारी जाहिरातींत वय कोणत्या तारखेस मोजावयाचें तें दिलेलें असतें. त्या तारखेस वय न बसल्यास अर्ज छाननींतच बाद होतो. खाजगी कंपन्यांत हल्लीं अर्ज पुष्कळदां प्रथम संगणक वाचतो आणि जाहिरातींतील शब्दांशीं ताडून पाहतो. म्हणून एकच अर्ज शंभर ठिकाणीं धाडण्यापेक्षां, आपण खरोखर केलेलें काम जाहिरातीच्याच शब्दांत, साध्या मांडणींत लिहावें.

दुसरी पायरी मुलाखतीची. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांसाठीं मुलाखती बंद केल्या. इतरत्र मात्र ती बहुधा चुकत नाहीं. तेथें ‘मी कष्टाळू आहें’ या विधानास वजन नसतें. केलेलें एखादें काम, त्यांत आलेली अडचण आणि ती कशी सोडविली, हें दोन मिनिटांत सांगतां आलें पाहिजे. शेवटीं आपणही विचारावें : काम नेमकें कोणतें, कोणाच्या हाताखालीं, किती वेळ ? करारांत प्रश्न विचारण्याचा अधिकार दोन्ही पक्षांस असतो.

तिसरी पायरी वेतनाची. कचेऱ्यांतून ज्यास ‘सीटीसी’ म्हणतात तो आंकडा म्हणजे पगार नव्हे. तो मालकाचा एकूण खर्च होय. समजा, तो वर्षाचा ६ लक्ष, म्हणजे महिन्याचा ५०,००० रुपये आहे आणि त्यांत मूळ वेतन २५,००० आहे. त्यावर १२ टक्क्यांप्रमाणें भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा वांटा ३,००० आणि आपला वांटा ३,००० वजा होईल. ग्रॅच्युइटीसाठीं सुमारें १,२०० आणि महाराष्ट्रांतील व्यवसाय कराचे २०० गेले कीं हातीं सुमारें ४२,६०० रुपये येतील. घरभाडें ठरवितांना हाच आंकडा धरावा.

चौथी पायरी नियुक्तिपत्राची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या कामगार संहितांनीं कामगारास नियुक्तिपत्र देणें मालकावर बंधनकारक केलें आहे. वेतन, परिवीक्षेचा काळ, नोकरी सोडण्यापूर्वीं द्यावयाच्या सूचनेची मुदत आणि बंधपत्राची अट असल्यास ती, हें सारें त्यांत पाहावें. पत्र हातीं येण्यापूर्वीं जुन्या नोकरीचा राजीनामा देऊं नये; मूळ प्रमाणपत्रें कोणाकडेही ठेवूं नयेत.

आतां सर्वांत धोक्याची गोष्ट. परीक्षेचें शुल्क निराळें. परंतु नेमणुकीसाठीं, गणवेशासाठीं वा ‘अनामत’ म्हणून जो आधीं पैसे मागतो तो मालक नव्हे, ठग समजावा. कामासाठीं परदेशीं पाठविणाऱ्या दलालास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणें नोंदणी लागते. त्यास घेतां येणारें शुल्क नियमानें ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेंच ठरविलें असून नोंदणी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहतां येते. ही चौकशी क्षुल्लक नाहीं. संगणकावरील चांगल्या कामाचें आमिष दाखवून भारतीय तरुणांस म्यानमार व कंबोडिया येथें नेण्यांत आलें आणि तेथें कोंडून त्यांच्याकडून लोकांस फसविण्याचें काम करून घेण्यांत आलें. परराष्ट्र मंत्रालयास २०२२ मध्यें याविषयीं जाहीर इशारा द्यावा लागला.

घरांतील वडील मंडळींस एक विनंति. नकार आला तर तो एका पक्षानें एका व्यवहारास दिलेला नकार असतो. मुलाच्या योग्यतेचा तो निकाल नव्हे. घरीं रोज धीर खचत गेला तर तेंच मूल पुढें दिसेल त्या कागदावर सही करतें, मागेल त्यास पैसे देतें. म्हणून ‘नोकरी लागली का ?’ असें रोज विचारण्याऐवजीं, पत्र येईल त्या दिवशीं त्याच्याशेजारीं बसून तें पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावें. त्याला तुमची खरी गरज तेव्हां असते.