खचलेला घाटरस्ता दुरुस्त कसा करतात?

अंबरनाथहून लोकलने कर्जतकडे निघाले आणि बदलापूर मागे पडले, की उजव्या हाताला डोंगरांची एक लांब रांग सोबत करू लागते. मलंगगड मागे राहिलेला असतो. मग चंदेरीचा सुळका दिसतो, पुढे पेबचा किल्ला आणि नेरळ आले की माथेरानचा सपाट माथा. आपल्या भागातल्या शाळांच्या सहली आणि मुलांच्या भटकंतीच्या वाटा बहुतेक याच रांगेत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये या वाटांबद्दल एक बातमी हमखास येते: अमुक ठिकाणी रस्ता खचला, वाहतूक बंद. दिवाळीपर्यंत तो दुरुस्त होतो आणि कित्येकदा पुढच्या पावसाळ्यात तोच तुकडा पुन्हा जातो.

पाऊस तर सगळ्याच रस्त्यावर पडतो. मग ठरावीक जागाच का खचते? आणि दुरुस्ती केल्यावरही ती पुन्हा का खचते? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना नववी-दहावीच्या विज्ञानातले घर्षण, दाब आणि क्षेत्रफळ-घनफळाची गणिते सगळी कामाला येतात.

उदाहरण म्हणून माथेरानच्या छोट्या गाडीचा मार्ग घेऊ. हा रस्ता नसून लोहमार्ग असला, तरी डोंगराच्या कुशीतून काढलेली ती एक अरुंद वाटच आहे, आणि पेबकडे जाणारे भटके याच रुळांच्या कडेने चालतात. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी तो १९०४ ते १९०७ या काळात बांधला. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर आणि माथेरान स्थानक सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे सुमारे २० किलोमीटरमध्ये ही गाडी ७६० मीटर चढते. सरासरी चढ किती, हे मुलांना काढू द्यावे. उत्तर साधारण २६ मीटरला १ मीटर येते, आणि सर्वांत कठीण चढ २० मीटरला १ मीटर आहे. इतका सौम्य चढ साधायचा तर वाट डोंगराला वळसे घालत न्यावी लागते. प्रत्येक वळशावर ती डोंगरावरून उतरणाऱ्या ओहोळांना आडवी जाते. अडचण इथेच सुरू होते.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग जागोजागी वाहून गेला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला होता आणि उल्हास नदीच्या पुराने बदलापूर ते कल्याणपर्यंतचा भाग पाण्यात होता. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ चा मार्च उजाडला. २०१९ च्या पावसाळ्यात मार्ग पुन्हा उखडला. (त्याच जुलैच्या अखेरीस महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, ते अनेकांना आठवत असेल.) या वेळी नेरळपासूनची गाडी धावू लागली ती २२ ऑक्टोबर २०२२ रोजी. तीन पावसाळे मधे गेले.

आता वाट कशी बांधतात ते पाहू. डोंगराच्या उतारावर सपाट पट्टी हवी असेल तर वरच्या बाजूचा उतार खणून काढायचा आणि निघालेली माती-दगड खालच्या बाजूला टाकून पट्टी रुंद करायची, ही सर्वांत स्वस्त रीत. त्यामुळे घाटरस्त्याचा डोंगराकडचा अर्धा भाग मूळ खडकावर असतो, तर दरीकडचा अर्धा भाग भरावावर. वरून डांबर एकसारखे दिसते, पण खाली दोन वेगळ्याच गोष्टी असतात. बातमीतला फोटो नीट पाहिला तर बहुतेक वेळा दरीकडची बाजूच गेलेली दिसते आणि डोंगराकडची शाबूत असते. हा योगायोग नव्हे.

आपला खडक बेसॉल्ट. लाव्हाचे थर एकावर एक साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा हा भाग तयार झाला. घट्ट काळा थर अतिशय टिकाऊ असतो. अंबरनाथचे शिवमंदिर याच जातीच्या दगडात १०६० मध्ये उभे राहिले आणि आजही उभे आहे. पण दोन घट्ट थरांच्या मध्ये पुष्कळदा सच्छिद्र किंवा कुजलेला खडक असतो, कुठे लाल मातीचा पातळ पट्टा असतो. पाणी वरच्या थराच्या भेगांतून उतरते, या पट्ट्याशी अडते आणि आडवे वाहत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते. पावसाळ्यात कातळातून फुटणारे झरे ते हेच. रस्ता खणताना असा पट्टा उघडा पडला असेल, तर झरा थेट भरावात शिरतो.

भरावात पाणी शिरल्यावर काय होते? एक घनमीटर भुसभुशीत भरावात साधारण एक तृतीयांश जागा पोकळ असते. ती पाण्याने भरली तर सुमारे ३०० किलो वजन वाढते. पण वजन वाढणे हा त्यातला लहान भाग. मातीचे कण उतारावर टिकून राहतात ते एकमेकांवर दाबले गेल्यामुळे निर्माण होणाऱ्या घर्षणाने. पोकळ्यांतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की त्याचा दाब वाढतो आणि तो कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागतो. दाब कमी म्हणून घर्षण कमी, आणि घर्षण कमी म्हणून घसरण. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, मात्र त्यावर बादली ओतली की बसतो, हे मुलांनी समुद्रावर पाहिलेले असते. तिथे थोडे पाणी कणांना धरून ठेवते, जास्त पाणी त्यांना सोडवते.

पाण्याला वाट देण्यासाठी रस्त्याच्या डोंगराकडच्या कडेला गटार असते आणि ठरावीक अंतरावर रस्त्याखालून मोरी. मोरी किती मोठी हवी? समजा एका मोरीकडे एक हेक्टर उताराचे पाणी येते. तासाला १०० मि.मी. पाऊस (हवामान खाते याला ढगफुटी म्हणते) म्हणजे १०,००० चौरस मीटर गुणिले ०.१ मीटर, म्हणजे तासाला १,००० घनमीटर. सेकंदाला सुमारे २८० लिटर. जुलैत जमीन आधीच तुडुंब झालेली असल्याने यातले फारसे मुरत नाही. आता ६० सें.मी. व्यासाचा सिमेंटचा पाइप घ्या. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने गेले तर ५६० लिटर जाईल. दोन हेक्टरांची सोय झाली. पण पाइप गाळाने, पालापाचोळ्याने आणि अलीकडे वेफर्सच्या पिशव्यांनी अर्धा भरला असेल तर सोय एकाच हेक्टरची राहते. उरलेले पाणी रस्त्यावर चढते, दरीकडच्या साइडपट्टीवरून खाली उडी घेते आणि भरावाचा पायथा पोखरते. वेग दुप्पट झाला की पाणी जवळजवळ ६४ पट वजनाचा दगड हलवू शकते, असा एक जुना ढोबळ नियम आहे. पायथा गेला की वरचे सगळे आपोआप येते.

यावरून नेमकी तीच जागा पुन्हा का जाते हे कळते. खड्डा पडला, त्यात मुरूम ओतला, वर डांबर घातले, फीत कापली. पण मोरी तेवढीच आणि झराही तिथेच. ओढ्याने आपली जुनी वाट सोडलेलीच नसते. अशा दुरुस्तीला आम्ही दुरुस्ती म्हणणार नाही, ते झाकण आहे.

खऱ्या दुरुस्तीची सुरुवात रस्त्यावर होत नाही, ती वर डोंगरात होते. घसरलेल्या भागाच्या वरच्या बाजूला आडवा चर खणून पाणी बाजूच्या पक्क्या ओहोळात वळवतात. जमिनीला पडलेल्या भेगा मातीने बुजवून त्यांवर प्लास्टिकचे कापड अंथरतात, म्हणजे आणखी पाणी आत शिरत नाही. पाऊस चालू असताना एवढेच करता येते, फार तर वाळूची पोती रचून एक बाजूची वाहतूक कशीबशी सुरू ठेवतात. मुख्य काम पाऊस ओसरल्यावरच. कारण माती दाबून बसवायची तर ती नेमकी दमट हवी. कोरडी माती बसत नाही आणि चिखल दाबता येत नाही. लाडू वळणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

मग सैल झालेला सगळा राडारोडा काढून टाकतात, घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत. इथे घाई केली तर नवी भिंत जुन्या चिखलावर उभी राहते. उताराला पायऱ्या कोरतात, कारण गुळगुळीत उतारावर टाकलेला भराव पुन्हा घसरगुंडीसारखा सरकतो. पायथ्याशी संरक्षक भिंत बांधतात आणि तिच्यामागे भराव पातळ थरांनी घालून प्रत्येक थरावर रोलर फिरवतात.

या भिंतीजवळ थोडे थांबू या. चार मीटर उंच भिंत आहे आणि तिच्यामागे पाणी काठोकाठ साठले आहे असे समजा. पाण्याचा दाब वर शून्य आणि तळाशी चौरस मीटरला चार टन, म्हणजे सरासरी दोन टन. भिंतीच्या एक मीटर लांबीच्या तुकड्याचे क्षेत्रफळ चार चौरस मीटर. तेव्हा दर मीटर लांबीमागे आठ टनांचा रेटा, आणि मातीचा रेटा वेगळा. भिंत दोन मीटरची असती तर पाण्याचा रेटा दोनच टन. उंची दुप्पट, रेटा चौपट. म्हणूनच अशा भिंतीत ओळीने भोके ठेवतात आणि त्यांच्यामागे खडीचा थर घालतात, म्हणजे पाणी झिरपून बाहेर येते व माती आत राहते. भर पावसात या भोकांतून धार लागलेली दिसली तर भिंत काम करते आहे असे समजावे. भोके कोरडी आणि भिंत फुगलेली दिसली, तर तिथे उभे राहू नये.

आणखी सोपा उपाय म्हणजे गॅबियन. पाणलोटाच्या कामात गॅबियन बंधारे पुष्कळ शिक्षकांनी पाहिले असतील. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या, त्यांत हाताने रचलेले दगड. दगडांच्या फटींतून पाणी सहज निघून जाते, त्यामुळे मागे साठतच नाही. जमीन थोडी खचली तर सिमेंटची भिंत तडकते, गॅबियन नुसती वाकते. जाळी घडी करून नेता येते आणि दगड बहुधा जागेवरच मिळतो. ट्रक पोचत नाही अशा ठिकाणी हा मोठाच फायदा. माथेरानच्या मार्गावर २०२२ पूर्वीच्या दुरुस्तीत गॅबियनच्या भिंती घातल्या गेल्या, त्या याच कारणाने. तारेचा मुलामा उडून ती गंजली की पेटी फुटते, हा तिचा दोष.

हे वर्गात करून पाहता येते. दोन सारख्या प्लास्टिकच्या खोक्यांची एकेक बाजू कापून टाका. एकात त्या जागी पुठ्ठ्यावर प्लास्टिक चिकटवून भिंत उभी करा. दुसऱ्यात डासांच्या जाळीच्या पिशव्यांत खडे भरून त्या रचा. दोन्हींच्या मागे वाळू भरा, वर एक नाणे ठेवा आणि झारीने सारखेच पाणी घाला. कोणती भिंत आधी ढळते, आणि त्या क्षणी वाळूतल्या पाण्याची पातळी कुठे आहे, हे मुलांनी लिहावे. मग पुठ्ठ्याच्या भिंतीला खाली भोके पाडून प्रयोग पुन्हा करावा.

अशी दुरुस्ती सगळीकडे पुरी पडते असे मात्र नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मि.मी. पाऊस झाला, आणि प्रतापगडाकडे व पुढे पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता अनेक ठिकाणी तुटला. इतक्या पावसाला पुरेल अशी मोरी प्रत्येक ओहोळावर बांधणे परवडत नाही. तिथे निवड करावी लागते. काही ठिकाणी पाणी रस्त्यावरूनच जाऊ द्यायचे, पण त्या जागी डांबराऐवजी काँक्रीटचा खोलगट पट्टा करून आणि खालच्या बाजूला मोठे दगड रचून, म्हणजे पाणी जाताना पायथा घेऊन जाणार नाही. एक दिवस वाहतूक बंद राहील, रस्ता मात्र राहील.

हे सगळे सहलीला येणाऱ्यांसाठी कशाला, असे कुणी विचारील. पण या वाटा आधी तिथल्या माणसांच्या आहेत. माथेरानच्याच रांगेच्या दक्षिण टोकाकडे इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी होती. भटक्यांची ती ओळखीची जागा, पण गाडीरस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. मदतीला गेलेल्यांना पावसात पायी चढावे लागले, यंत्रे वर नेता आली नाहीत आणि ढिगारा कुदळ-फावड्यांनी उपसावा लागला. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की निष्काळजीपणे उतार कापून काढलेला रस्ता स्वतःच नवी दरड तयार करतो. म्हणून रस्ता हवा की नको, यापेक्षा तो पाण्याला कुठे आडवा जातो हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, वरच्या वर्गातल्या मुलांना घेऊन जवळच्या घाटाचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा चालून पाहता येईल. वाहनांची ये-जा कमी असेल अशी सकाळची वेळ निवडावी आणि पावसाळ्यात हे काम करू नये. प्रत्येक मोरीला क्रमांक द्यायचा, तोंडाची उंची-रुंदी मोजायची आणि किती भाग बुजला आहे ते लिहायचे. नकाशावरून वरच्या उताराचे क्षेत्रफळ अंदाजाने काढून वरचे गणित करायचे. दरीकडच्या साइडपट्टीला लांबट भेगा आहेत का, कठडा किंवा विजेचा खांब कलला आहे का, हेही टिपायचे. तयार झालेल्या तक्त्याची एक प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या जवळच्या कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. दुसरी शाळेत ठेवावी, म्हणजे ऑक्टोबरमध्ये तोच तुकडा पुन्हा चालताना कोणत्या क्रमांकाच्या मोरीजवळ काय झाले, ते ताडून पाहता येईल.