शिवी, शपथ आणि कळ

१७४५ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने शिव्याशापांचे चक्क दरपत्रक ठरवून टाकले. मजूर, शिपाई किंवा खलाशी देवाचे नाव घेऊन शिव्या हासडताना सापडला तर एक शिलिंग, त्याच्या वरच्या थरातल्या माणसाला दोन आणि खानदानी गृहस्थाला पाच. दुसऱ्या खेपेला दुप्पट, तिसऱ्या खेपेला तिप्पट. हा कायदा दर तीन महिन्यांनी चर्चमध्ये वाचून दाखवावा, अशीही तरतूद होती. मागच्या बाकांवरचे खलाशी तो ऐकताना मनात काय पुटपुटत असतील, ते देव जाणे! १९६७ पर्यंत हा कायदा कागदोपत्री जिवंत होता.

कायद्याच्या हाती लागते ते फक्त कानावर पडलेले. ख्रिस्ती शिकवणीचा रोख मात्र पहिल्यापासून दुसरीकडे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, डोंगरावरील प्रवचनात, येशू खुनाबद्दल बोलता बोलता भावाला मूर्ख म्हणणाऱ्यावर येतो आणि त्यालाही त्याच न्यायासनासमोर उभा करतो. ‘मूर्ख’ ही काही अश्लील शिवी नव्हे. समोरच्याला मोडीत काढणे, हा तिथला गुन्हा. बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातही हीच तक्रार आहे: देवाची स्तुती करणारे तोंडच देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप देते, हे कसे?

त्याच प्रवचनात शपथ वाहण्यालाही मनाई आहे. सतराव्या शतकातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथीयांनी ती अक्षरशः पाळली. एरवी खोटे बोलायची मुभा असते, असेच शपथेतून सूचित होते, हा त्यांचा युक्तिवाद. शपथ नाकारली म्हणून ते तुरुंगात गेले, आणि त्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला त्यांच्यापुरती शपथेशिवाय साक्ष मान्य करावी लागली. आपल्याकडे मंत्र्यांना ‘ईश्वरसाक्ष शपथ’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ यांतून निवड करता येते. या दुसऱ्या वाटेच्या इतिहासात क्वेकरांचा हट्टही आहे.

इथवर सगळे सरळ वाटते. पण मग येशूनेच सत्ताधारी हेरोदाला कोल्हा म्हटले, परूशी धर्मपंडितांना सापाची पिल्ले म्हटले, त्याचे काय? सत्ता आणि प्रतिष्ठा असलेल्यांना त्याने फटकारले, दुबळ्यांना नाही, असे उत्तर मला पटते. अडचण एवढीच की नंतरच्या प्रत्येक तापट ख्रिस्ती लेखकाने हीच पळवाट वापरली. इंग्रज कॅथलिक विद्वान थॉमस मोरने १५२३ साली टोपणनावाने लॅटिनमध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला जे उत्तर दिले, त्यातली शेणामुताची भाषा आजच्या संपादकाला छापवणार नाही. ल्यूथरही काही कमी नव्हता. १५४५ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने पोपशाहीविरुद्ध लिहिलेली पुस्तिका पाहावी. मोरला १९३५ साली कॅथलिक चर्चने संतपद दिले. ते अर्थातच त्या पुस्तकासाठी नव्हे.

कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकची तऱ्हा निराळी. तिथल्या जहाल शिव्या शरीराच्या नाहीतच, त्या थेट वेदीवरून उचललेल्या: ताबेरनाक म्हणजे पवित्र भाकर ठेवायची पेटी, कालिस म्हणजे द्राक्षरसाचा पेला, ओस्ती म्हणजे ती भाकरच. धर्मसत्तेचा दाब जिथे जास्त, तिथे राग तिच्याच भांड्यांवर निघाला. १९६० नंतर चर्च रिकामी होत गेली, शिव्या मात्र टिकल्या.

या सगळ्या प्रकरणात डोके सर्वांत थंड ठेवले ते तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने. ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात जिभेच्या पापांची त्याने स्वतंत्र प्रकरणे केली आहेत. तोंडावर अपमान, पाठीमागे निंदा, कळ लावणे, टवाळी आणि शाप. तोंडावर शिवी खाणाऱ्याची अब्रू जाते. निंदेत नावलौकिक जातो. पण कळ लावणारा दोन मित्रांना तोडतो, आणि मित्र हे धन अब्रूपेक्षा मोठे, म्हणून कळ लावणे हे शिवीपेक्षाही जड पाप. हळू आवाजात, ‘तुझ्या भल्यासाठी सांगतो’ असे म्हणत काडी लावणाऱ्याला ब्रिटनचा तो एका शिलिंगाचा दंड कधी शिवलाही नसता.

निंदेची भरपाई करायलाच हवी, असेही तो सांगतो. खोटे सांगितले असेल तर ते खोटे होते, असे कबूल करावे. पण दुसऱ्याचे खरेच असलेले उणे विनाकारण चव्हाट्यावर मांडले असेल तर? तिथे शब्द मागे घेणे म्हणजे पुन्हा खोटे बोलणे. अक्वायनसचा तोडगा असा: मी त्याची अन्यायाने बदनामी केली, एवढेच म्हणावे, आणि त्याचे नाव पुन्हा उभे करता येत नसेल, तर दुसऱ्या कुठल्या तरी रीतीने त्याचे देणे फेडावे.