नट-बोल्टांची व्यवस्था

एका चाकीवाचून विहिरीवरील पंप बंद पडला, तर बीडकडील उन्हाळ्यात उसाची पाण्याची पाळी चुकते. म्हणून सुटे भाग एकाच डब्यात कोंबणे आम्हांस अनिष्ट वाटते. केवळ जाडी पाहूनही निवड करू नये. ५/१६ इंची व ८ मिलिमीटरचा बोल्ट दिसावयास जुळेच. परंतु व्हिटवर्थ पद्धतीच्या इंची बोल्टावर इंचास १८ आटे असतात, तर मिलिमीटरच्या बोल्टावर साधारणतः २०. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, तरी जुन्या यंत्रांत इंची आटे टिकून आहेत. परकी चाकी एकदोन वेढे सुखाने चढते, मग अडते. पान्याने रेटल्यास दोहोंचेही आटे जातात. यास्तव ज्याची चाकी त्याच्यावरच चढवून दोन्ही जाती निरनिराळ्या बरण्यांत ठेवाव्यात. सायकलच्या डाव्या पायडलाचे आटे मात्र उलटे असतात; त्याची पुडी वेगळी बांधावी.