⚓ मालवण नावाची युद्धनौका

तोंडवली-तळाशीलकरांनो, आपल्या मालवणचं नाव नौदलाच्या यादीतही आहे! ३० नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीमध्ये माहे, मालवण आणि मांगरोळ या तीन युद्धनौकांचं जलावतरण झालं. लांबी सुमारे ७८ मीटर, काम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकण्याचं. एकाच आराखड्याच्या नौकांचा एक वर्ग होतो आणि पहिल्या नौकेचं नाव त्या पूर्ण वर्गाला मिळतं, म्हणून हा ‘माहे वर्ग’.

आपल्या नौदलात नावावरून बऱ्याचदा युद्धनौकेचा प्रकार कळतो:
🔹 शहरं : विनाशिका (विशाखापट्टणम, मुरगाव, इंफाळ, सुरत)
🔹 डोंगर : फ्रिगेट (शिवालिक, निलगिरी)
🔹 किनाऱ्यावरची बंदरं : माहे वर्ग

अमेरिका विनाशिकांना बहुधा नौदलातल्या शूरांची नावं देते. विनाशिका कशाला म्हणायचं, हेही देशागणिक वेगळं: जपानची ‘इझुमो’ तर २४८ मीटर लांब, सपाट डेकची. तरी कागदोपत्री तिची नोंद विनाशिका म्हणूनच झाली! प्रत्येक देश आपली व्याख्या आपणच ठरवतो.

मराठा आरमाराचीही स्वतःची वर्गवारी होती. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफांचं मोठं जहाज. पुढच्या तोफा नाळेवरून थेट समोर मारा करायच्या. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना ओढून लढाईत न्यायची. सिंधुदुर्ग याच आरमाराचं ठाणं.

पुढच्या वेळी बातमीत युद्धनौकेचं नाव आलं, की तिचा वर्ग आधी बघा. आणि घरातल्या पोरांनाही हे नक्की सांगा! 🚩